भूत खुर्चीतच बसायला हवं होतं

वाचकांचे प्रश्न : नाटकाविषयी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. गेली 14 वर्षं मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. यंदा आई कऱ्हाडहून तीन महिने राहायला आली होती. वय 78, प्राथमिक शाळेतून निवृत्त, आणि नाटक म्हटलं की बाकी सगळं बाजूला. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याला इथल्या जीसीएसई परीक्षेला शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' आहे. दोघांचंही होईल म्हणून मी दीडशे पौंड मोजून तीन तिकिटं काढली. आईनं तिकडून निघतानाच वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून मराठीत केलेलं 'राजमुकुट' पिशवीत घातलं होतं. आदल्या आठवड्यात तिनं ते दोनदा वाचून काढलं.

पडदा उघडला तर काचेच्या भिंतींचं ऑफिस. फिरत्या खुर्च्या, लॅपटॉप, सूट घातलेले लोक. राजा डंकन कंपनीच्या मालकासारखा. चेटकिणी म्हणजे हेडसेट लावलेल्या तीन मुली. सगळ्यांच्या गालाला माइक चिकटवलेले आणि बोलण्याखाली सतत धडधडणारं संगीत. मॅकबेथ डंकनचा खून करून आल्यावर हात धुवायला पाणीसुद्धा नाही, लेडी मॅकबेथ पाकिटातून वेट वाइप्स काढून नवऱ्याचे हात पुसते! मॅकबेथनं मारवलेल्या मित्राचं, बँकोचं भूत आलंच नाही, मागच्या पडद्यावर त्याचा भला मोठा चेहरा दिसला. झोपेत चालण्याचा प्रवेश मोबाइलवर काढलेला व्हिडिओ म्हणून दाखवला. मध्यंतरानंतर आमच्या रांगेतल्या सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही शेवटपर्यंत बसलो, पण आई मधेच माझ्या कानाशी म्हणाली, "ही माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत गं?" मुलगा मात्र म्हणतो, अर्धं नाटक त्याला आवडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं तर एक सहकारी म्हणाला, आधुनिक प्रयोग समजायला सवय लागते. ते शब्द मला फार लागले. आम्ही जुन्याला कवटाळून बसणारी माणसं नाही. 'मॅकबेथ'वरचा हिंदी सिनेमा 'मक़बूल' आमच्या घरी सगळ्यांचा आवडता, आईचासुद्धा. मग आमचं काय चुकलं? आमचं इंग्रजी कमी पडलं का? शेक्सपिअर जुन्याच कपड्यांत करायला हवा का? आणि जीव रमत नसेल तर मध्यंतरात उठून जावं की बसून राहावं?
— एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पत्राच्या शेवटच्या ओळींतलं तुमचं दुखावलेपण मला जाणवलं. दीडशे पौंड माणूस विसरतो. 'तुम्हाला कळत नाही' हे वाक्य सलत राहतं. ते एकदा ऐकून नाटकाला जाणंच सोडलेली चांगली, जाणती माणसं मी आमच्या सांगलीत पाहिली आहेत. तुमच्या घरात तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कपड्यांचा प्रश्न लवकर संपवू. मॅकबेथ नावाचा राजा स्कॉटलंडमध्ये 1040 ते 1057 पर्यंत खरोखर गादीवर होता, पण शेक्सपिअरचे नट त्याचं नाटक करताना मुख्यतः आपल्याच काळचे कपडे घालून उभे राहत. अठराव्या शतकात डेव्हिड गॅरिक हा नट मॅकबेथ करायचा तो त्या वेळच्या लष्करी अधिकाऱ्याच्या लाल कोटात. स्कॉटिश पोशाखाचा आग्रह धरला तो चार्ल्स मॅकलिन या नटानं, 1773 साली, लंडनच्या कव्हेंट गार्डन थिएटरात. म्हणजे आज ज्याला पारंपरिक म्हणतात तीही कोणाची तरी त्या काळातली नवी कल्पनाच होती. पुढं 1925 मध्ये बॅरी जॅक्सन या निर्मात्याच्या मंडळींनी लंडनला 'हॅम्लेट' त्या वेळच्या रोजच्या कपड्यांत केलं, आणि ते लोकांनी उचलून धरलं. त्याच मंडळींनी 1928 मध्ये तसंच 'मॅकबेथ' केलं, ते पडलं. कल्पना तीच, मंडळी तीच. सुटामुळं नाटक तरत नाही आणि बुडतही नाही.

तुम्ही 'मक़बूल'चं नाव घेतलंत ते बरं झालं. त्यात चेटकिणींच्या जागी दोन पोलीस आहेत, ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह, आणि ते कुंडल्या मांडून भविष्य सांगतात. तुमच्या आईंना हे खटकलं नाही, कारण मूळ नाटकात जो प्रश्न आहे तोच तिथं आहे. चेटकिणी पुढचं सांगतात, की पुढचं घडवतात? मुंबईतला पोलीस भविष्य सांगतो आणि ते घडेल अशी तजवीजही करतो, हे पाहिल्यावर तो जुना प्रश्न आपल्या गल्लीत येऊन उभा राहतो. तुमच्या प्रयोगातल्या हेडसेट लावलेल्या मुलींनी कोणता प्रश्न उभा केला? तुमच्या पत्रावरून तरी मला तो सापडला नाही.

आता आईंचं वाक्य. "ही माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत?" याहून नेमकं परीक्षण कोणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश घ्या. जेमतेम 70-75 ओळींचा. मध्यरात्र आहे, डंकन वर झोपला आहे, लेडी मॅकबेथ खाली एकटी कान देऊन उभी आहे. खून आपल्याला दिसत नाही, शेक्सपिअर तो दाखवतच नाही. मॅकबेथ येतो.

"झालं काम. तुला आवाज आला का काही?"
"घुबड ओरडलं. रातकिडे ओरडत होते. तू काही बोललास?"
"कधी?"
"आत्ता."
"उतरताना?"
"हो."

एकेका शब्दाची वाक्यं. दोघं अंधारात आहेत, एकमेकांचा चेहरा धड दिसत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याचा श्वास ऐकतो आहे. "कधी?" हा शब्द एका बाजूनं आला आणि "आत्ता" दुसऱ्या बाजूनं आला, तरच मधला अंधार आपल्याला जाणवतो. गालावरचा माइक दोघांचाही आवाज उचलून वरच्या त्याच स्पीकरमधून सोडू लागला की हे अंतर नाहीसं होतं. ओठ इथं हलतात, शब्द भलतीकडूनच येतो. मोठ्या थिएटरात माइक लागतो, त्यात गैर काही नाही, पण आवाज नटाच्या अंगातून आल्यासारखा वाटावा यासाठी मेहनत घ्यावी लागते. आईंच्या कानांनी जे टिपलं ते अक्षरशः खरं होतं. ती माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, दोघंही स्पीकरशी बोलत होती. 78 वर्षांच्या कानांनी हे पकडलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांना जरूर सांगा.

त्याच प्रवेशाच्या शेवटी दारावर थाप पडते. याबद्दल मी स्वतःच्या अनुभवातून बोलू शकते. मी 31 वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यातली वीसेक वर्षं हौशी नाटकांत विंगेत बसून प्रॉम्प्टिंगही केलं. एकदा आमच्या मंडळींनी या नाटकाचा दुसरा अंक तेवढा मराठीत केला आणि थाप देण्याचं काम माझ्याकडं आलं. सागवानी पेटी उपडी घातली होती आणि हातात घरचं मुसळ. आमच्या दिग्दर्शकांनी तालमीत मला थापेचा जोर शिकवलाच नाही. "दोन थापांच्या मधली शांतता मोज," म्हणाले. मी मनात चारपर्यंत आकडे मोजायची. स्टेजवर हात रक्तानं भरलेला नट जागच्या जागी गोठलेला, आणि मी मोजते आहे, एक, दोन, तीन, चार. तिसऱ्या थापेला पहिल्या रांगेतलं एक मूल मोठ्यानं म्हणालं, "आई, कोण आलं?" कोणी हसलं नाही. सगळ्या थिएटराला तोच प्रश्न पडला होता.

थॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकानं 1823 साली नुसत्या या थापेवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की खुनाच्या वेळी सगळं जग थांबलेलं असतं आणि थाप पडते तेव्हा ते पुन्हा चालू होतं, म्हणून थांबलेलं होतं ही भीती आपल्याला तेव्हा कळते. आता तुमच्या प्रयोगात बोलण्याखाली अखंड संगीत धडधडत होतं. जे थांबलंच नाही ते पुन्हा सुरू कसं होणार? थाप पडली की नाही याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, आणि ती तुमच्या लक्षात राहिली नाही यात तुमचा काहीच दोष नाही.

भुताबद्दल मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली. हे नाटक पहिल्यांदा छापलं गेलं 1623 च्या संग्रहात. तिथं मेजवानीच्या प्रवेशात स्पष्ट सूचना आहे : बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. त्याच्याही आधी, 1611 मध्ये, सायमन फोरमन नावाच्या लंडनच्या एका ज्योतिषी-वैद्यानं हे नाटक ग्लोब थिएटरात पाहिलं आणि घरी जाऊन लिहून ठेवलं. त्यानं नोंदवलं आहे, की मॅकबेथ बँकोच्या नावानं पेला घ्यायला उभा राहिला असताना भूत त्याच्या मागं खुर्चीत येऊन बसलं, आणि तो बसायला वळला तो थेट त्याच्यासमोर. राणी रात्री झोपेत उठून चालायची, बोलायची, आणि वैद्य तिचे शब्द टिपून घ्यायचा, हेही त्यानं लिहून ठेवलं. चारशे वर्षांपूर्वीचा प्रेक्षक जी चित्रं सोबत घरी घेऊन गेला, नेमकी त्यांतलीच ही दोन तुमच्या प्रयोगात नटाच्या अंगावरून काढून पडद्यावर टाकली होती. खुर्ची इथं साधी वस्तू नाही. मॅकबेथनं दुसऱ्याची जागा बळकावली आहे. तो म्हणतो, पंगत भरलेली दिसते. पाहुणे म्हणतात, ही काय तुमची जागा राखून ठेवली आहे. तो विचारतो, कुठं? त्या "कुठं"मध्ये सगळं नाटक आहे. आणि तुमच्या प्रयोगात तर फिरत्या खुर्च्या होत्या! मालकाची उंच पाठीची खुर्ची प्रेक्षकांकडं पाठ करून ठेवली असती आणि त्या "कुठं"वर ती हळूच वळली असती, तर मी इथं सांगलीत नुसती कल्पना करतानाही दचकते आहे. ऑफिसच्या कल्पनेनंच त्यांच्या हातात हे दिलं होतं, आणि त्यांनी पडद्यावर चेहरा दाखवला.

हे करता येतं, आणि लोकांनी केलं आहे, म्हणूनच माझा जीव तुटतो. 2007 मध्ये दिग्दर्शक रूपर्ट गूल्ड यांनी इंग्लंडमधल्या चिचेस्टरला पॅट्रिक स्टुअर्ट या नटाला घेऊन 'मॅकबेथ' केलं. सोव्हिएत अमलासारखं वातावरण, चेटकिणी म्हणजे लष्करी इस्पितळातल्या नर्सेस. कपडे, बंदुका, सगळं अलीकडचं. मेजवानीच्या प्रवेशात त्यांनी मधेच मध्यंतर केलं आणि मध्यंतरानंतर तोच प्रवेश पुन्हा केला. एकदा मॅकबेथला दिसतं तसा, रक्तानं माखलेल्या भुतासह, आणि एकदा पाहुण्यांना दिसतं तसा, भुताशिवाय. एकदा त्याच्याबरोबर घाबरायचं, दुसऱ्यांदा त्याच्याकडं बघून घाबरायचं. नवी कल्पना ती हीच. लेखकाची ओळ आधीपेक्षा मोठी झाली.

उलटंही सांगते. 1976 मध्ये दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या पत्र्याच्या छोट्या थिएटरात हेच नाटक केलं, इयन मॅकेलन आणि ज्युडी डेंचना घेऊन. नेपथ्य जवळजवळ नाहीच. जमिनीवर एक वर्तुळ, भोवती बसलेले नट, साधे काळे कपडे. त्याचं पुढं चित्रीकरण झालं. ओळखीच्या एकांनी इंग्लंडहून त्याची कॅसेट आणली तेव्हा आम्ही एका दिवसासाठी व्हीसीआर भाड्यानं आणला आणि स्टाफ क्वार्टर्समध्ये बी.ए.च्या अकरा मुलामुलींना सतरंजीवर बसवून ती दाखवली. डेंचबाईंच्या झोपेत चालण्याच्या प्रवेशात एक लांबलचक उसासा आहे, आतड्यातून निघालेला. तो संपल्यावर एका मुलानं उठून दिवा लावला, तेव्हा सगळ्यांनी त्याला दटावून तो बंद करायला लावला. माझ्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी तुमच्या आईंच्या इंग्रजीपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. म्हणून सांगते, इंग्रजीची काळजी सोडा. ही भाषा चारशे वर्षं जुनी आहे, ती तिथल्या मुलांनाही शिकवावी लागते. आवाज स्वच्छ आला तर दहा-पंधरा मिनिटांत कान रुळतो. आणि आईंनी 'राजमुकुट' आधी वाचलं हे तर उत्तमच केलं. आपल्याकडं सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच लागणार हे माहीत असूनही लोकांनी 'सौभद्र' पुन्हा पुन्हा पाहिलं. गोष्ट ठाऊक असली की प्रेक्षक ती कशी सांगतात ते ऐकायला मोकळा होतो. 1954 साली मुंबईत 'राजमुकुट' रंगभूमीवर आलं तेव्हा त्यात दुर्गा खोटे होत्या, हेही आईंना सांगा, त्यांना आवडेल.

आता एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची नाही. वेट वाइप्स.

तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. मी वाचताना थांबले. मूळ ओळ आहे : थोडंसं पाणी घेतलं की या कृत्यातून आपण मोकळे. या जोडप्याला मूल नाही, पण लेडी मॅकबेथ एका जागी सांगते, की मी अंगावर पाजलेलं आहे, दूध ओढणाऱ्या बाळाची माया काय असते ते मला ठाऊक आहे. म्हणजे मूल होतं आणि राहिलं नाही. नाटकात याबद्दल पुढं एक अक्षर नाही. अशा घरात बाळाचं अंग पुसायचं पाकीट पडलेलं असावं, आणि ती आई त्यातला एक ओला रुमाल ओढून काढून नवऱ्याच्या बोटांच्या फटी पुसत असावी! पाण्याच्या तांब्यानं हे झालं नसतं. मुलाला जे अर्धं नाटक आवडलं त्यात ही जागा होती का, हे त्याला विचारा. पंधरा वर्षांच्या मुलाला आवडलं म्हणाला याचा अर्थ त्या अर्ध्यात काहीतरी जिवंत होतं, आणि त्याचं म्हणणं आईंच्या म्हणण्याइतकंच मोलाचं आहे.

पण मग झोपेत चालण्याचा प्रवेश! तिथं ती हातावरचा डाग पुसते, पुसत राहते. तेच पाकीट तिथं यायला हवं होतं. एकेक वाइप काढत ते रिकामं व्हायला हवं होतं आणि तरी तिचे हात थांबायला नको होते. दिग्दर्शकाला ती वस्तू सापडली होती आणि ऐन वेळी त्यानं ती सोडून व्हिडिओ घेतला. तुमच्या निराशेचं मूळ मला इथं दिसतं. सापडलेल्या गोष्टीवर, नटावर, शब्दावर त्यांचा भरवसा टिकला नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी नवं काहीतरी आणलं गेलं. प्रेक्षक असा प्रत्येक वेळी नव्यानं जोडला जात नाही. तो दमतो. सहा खुर्च्या रिकाम्या होतात.

उठून जाण्याविषयी. मध्यंतरात जायला काहीच हरकत नाही, त्यात नटाचा अपमान नाही. प्रवेश चालू असताना मात्र उठू नये, स्टेजवरून ते दिसतं आणि फार लागतं. तुम्ही बसलात ते मला आवडलं, कारण शेवटपर्यंत बसलेल्या माणसाच्या पत्राला वजन असतं. आणि पत्र लिहाच, त्या थिएटराला. 2015 मध्ये लंडनच्या बार्बिकनला बेनेडिक्ट कंबरबॅचचं 'हॅम्लेट' झालं, तेव्हा सुरुवातीच्या खेळांत 'जगावं की मरावं'चं स्वगत उचलून अगदी नाटकाच्या आरंभी ठेवलं होतं. त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्या काही दिवसांत ते आरंभावरून हलवून नाटकात आत नेलं गेलं. प्रेक्षक बोलले तर ऐकलं जातं. तुमच्या पत्रात माइकचं लिहा, खुर्चीचं लिहा आणि वेट वाइप्सचंही लिहा, चांगलं म्हणून.

आईंचा मुक्काम संपला असेल तर पुढच्या खेपेला त्यांना लंडनच्या ग्लोबला न्या. 1997 मध्ये पुन्हा उभारलेलं ते खुलं थिएटर आहे. उजेड नटावर आणि प्रेक्षकांवर सारखाच, त्यामुळं नट प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलतात. तिथं अंगणात उभं राहून बघायचं तिकीट सर्वांत स्वस्त असतं, ते मुलासाठी. आईंसाठी गॅलरीतली जागा घ्या. बाकडी लाकडी आहेत, उशी बरोबर असू द्या.

प्रश्न : आम्ही कॉलेजची मुलं एकांकिकेसाठी 'ऑथेल्लो' आजच्या काळात आणतोय. ज्या रुमालावरून ऑथेल्लो आपल्या बायकोवर, डेस्डिमोनावर, संशय घेतो, त्याऐवजी तिचा एक फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो असं केलंय. सर म्हणतात लोकांना पटणार नाही. तुम्हाला काय वाटतं?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : काळ बदला, अगदी निर्धास्त बदला. गोविंद बल्लाळ देवल आमच्या शेजारच्या हरिपूरचे. त्यांनी 1890 मध्ये ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. फोटोबद्दल मात्र पुन्हा विचार कर. फोटो एकाच वेळी शंभर जणांकडं असू शकतो. रुमाल एकाच्याच हातात असतो, आणि म्हणून तो दुसऱ्याच्या हातात दिसला की घात होतो. तो ऑथेल्लोच्या आईचा आहे, त्यावर स्ट्रॉबेरी भरलेल्या आहेत. नवऱ्याचं डोकं दुखतं म्हणून डेस्डिमोना तो त्याच्या कपाळाला बांधायला जाते आणि तेव्हाच तो खाली पडतो. मायेनं पुढं केलेल्या हातातून पडलेली ती वस्तू तिच्या सखीकडून, एमिलियाकडून, कारस्थानी इयागोकडं, तिथून ज्याच्यावर ऑथेल्लोचा संशय आहे त्या कॅसिओच्या खोलीत, तिथून कॅसिओच्या मैत्रिणीकडं, बियांकाकडं जाते. कॅसिओ तिला सांगतो, असंच भरतकाम उतरवून दे. त्याला नक्कल हवी आहे, कारण अस्सल एकच आहे. फोटो घेतलास तर हे सगळं हातातून जाईल.

मोबाइल असू दे, संशय पेरायला तो चांगलाच उपयोगी पडेल. पण आईकडून आलेली, हातात मावणारी एक वस्तू ठेव. कोल्हापुरातलं घर असेल तर ती काय असेल हे तुम्हा मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती पहिल्या तालमीपासून खरी वापरा, नुसती समजायची नाही. आणि प्रत्येक पात्राच्या हातात ती किती वेळ राहते ते कोणीतरी विंगेत बसून मोजा. प्रयोगाची तारीख कळव, कोल्हापूर फार लांब नाही. मी येईन.